धाकट्या पातेल्यातली चव

बस दुरुस्तीच्या त्या कारखान्यात साडेतीनशे माणसं कामाला होती आणि त्या साडेतीनशे पोटांची जबाबदारी एकट्या उस्तादावर होती. त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते हजेरी घेणाऱ्या कारकुनालाही आठवावं लागे. कॅन्टीनच्या आचाऱ्याला सगळे उस्तादच म्हणत. छत्तीस वर्षं त्यानं त्या स्वयंपाकघरात काढली होती आणि छत्तीस वर्षांत त्याचं पातेलं कधी भरलेलं परत आलं नव्हतं. ही गोष्ट तो स्वतःहून कुणाला सांगत नसे. म्हणजे, दिवसातून दोनदापेक्षा जास्त सांगत नसे.

मोजमापाचं त्याला वावडं होतं. मीठ मुठीनं पडायचं, तेल डब्यातून थेट, लोणी अंदाजानं, आणि अंदाज नेहमी सढळ. रश्शावर बोटभर तवंग दिसला नाही तर आपण कुणाचा तरी अपमान करतोय असं त्याला वाटायचं. माणसंही खूश होती. बसखाली आडवं पडून, ग्रीसनं माखून, घामाघूम होऊन आलेल्या माणसाच्या पुढ्यात तसं ताट आलं की त्याचा अर्धा शीण तिथंच उतरे. पोटात गेल्यावर त्या तवंगाचं पुढं काय होतं, हा विचार करणं उस्तादाचं काम नव्हतं, आणि तोपर्यंत ते दुसऱ्या कुणाचंही नव्हतं.

मग एक दिवस एक वेल्डर, वय अवघं त्रेचाळीस, जेवून उठला, हात धुता धुता नळापाशी खाली बसला, तो उठलाच नाही. वरच्या साहेबांना जाग आली. दर गुरुवारी एक डॉक्टरीणबाई कारखान्यात येऊ लागल्या. बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या, पण एकदा धरलं की न सोडणाऱ्या. त्यांनी सगळ्यांचं रक्त तपासलं, दाब मोजला, वजन-उंची लिहून घेतली आणि चौदा माणसं बाजूला काढली. यांच्या हृदयाला धोका आहे, असं त्यांनी साहेबांना स्पष्ट सांगितलं. या चौदांसाठी वेगळं शिजलं पाहिजे.

चौदांत पहिलं नाव इंजिन विभागाच्या मुख्य मिस्त्रींचं होतं. हे उस्तादाच्या थोरल्या बहिणीचे यजमान. उस्ताद त्यांना दाजी म्हणायचा, आणि त्याचं ऐकून अर्धा कारखाना दाजी म्हणायला लागला होता. उंचापुरा, मोठ्या आवाजाचा, थट्टेखोर माणूस. ताट पावानं इतकं पुसून घ्यायचे की भांडी घासणारी बाई म्हणायची, यांचं ताट मी नुसतं पाण्याखाली धरते. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्यासमोर कागद ठेवला आणि म्हणाल्या, "रक्तवाहिन्या आतून बुजत चालल्यात, मिस्त्री. नळीत कचरा साठला की इंजिनाचं काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको."

दाजींना एवढं पुरलं. दुसऱ्याच्या सांगण्यावरून सहसा न हलणारा हा माणूस त्या दिवशी कॅन्टीनमध्ये येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, "उस्ताद, आजपासून आपलं ताट धाकट्या पातेल्यातून वाढायचं. मी मागितलं तरी थोरल्यातलं द्यायचं नाही. हात जोडले तरी नाही."

तर हे धाकटं पातेलं. थोरल्याच्या शेजारच्या शेगडीवर त्याची जागा ठरली. त्यात काय पडायचं आणि काय नाही, हे डॉक्टरीणबाईंनी स्वतः दोन गुरुवार ओट्यापाशी उभं राहून शिकवलं. लोणी बंद. तेल चमच्यानं मोजून, माणशी एक. मीठ निम्म्याच्या निम्मं. कडधान्यं रोज, मासे वाफवून, भाज्या आधी कोरड्या भाजून मग शिजवायच्या म्हणजे त्यांची स्वतःची गोडी उतरते. लिंबू, मिरी, भाजलेला लसूण सढळ हातानं. "सुरुवातीला लोक नाकं मुरडतील," त्या म्हणाल्या. "जिभेला सवय व्हायला महिना-दीड महिना लागतो. तेवढा धीर धरा, उस्ताद. मग त्यांना थोरल्यातलंच खारट लागेल."

उस्तादानं मान डोलावली. पण धीर ही वस्तू त्याच्या मांडणीवर कधी नव्हतीच.

पहिल्या दिवशी धाकटं पातेलं अर्ध्याहून जास्त भरलेलं परत आलं. दुसऱ्या दिवशीही. चौदातले तीन-चार जण मान खाली घालून थोरल्याच्या रांगेत शिरले. टायर विभागातल्या एकानं ताटाकडे बघून विचारलं, "उस्ताद, हे भांडी विसळलेलं पाणी आहे की आमचं जेवण?" सगळे हसले. उस्तादही हसला, पण तोंड कडू करून. छत्तीस वर्षांत कुणी त्याच्या पातेल्याला असं बोललं नव्हतं. एकटे दाजी तेवढे शेवटच्या घासापर्यंत जेवत. घास गिळताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की उस्तादाला तिकडे बघवत नसे. "चवीचं जाऊ दे रे," ते म्हणायचे. "जगलो तर चव पुन्हा बघू."

आठव्या दिवशी, मंगळवार होता तो, उस्तादानं थोरल्या पातेल्यावरचा तवंग एक पळीभर उचलला आणि धाकट्यात सोडला. कुणी बघत नव्हतं. बघत असतं तरी काय दिसणार होतं? आचारी एका पातेल्यातून दुसऱ्यात काहीतरी घालतोय. मग चिमूटभर मीठ. ती चिमूट त्याच्या हाताची होती, म्हणजे तुमच्या-माझ्या दोन. एवढ्यानं काय होतंय, असं तो मनाशी म्हणाला. निदान माणसं जेवतील तरी. थोरल्यातलं अख्खं खाण्यापेक्षा हे काय वाईट?

त्या दिवशी धाकटं पातेलं रिकामं परत आलं. दाजींनी ताट पुसलं, जिभेनं ओठ पुसले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत डोकं घालून म्हणाले, "उस्ताद, तू माणूस नाहीस. बिनतेलाचं, बिनमिठाचं असं करतोस? तुझ्या हातात काहीतरी आहे."

इथं खरं तर सगळं सांगून टाकायची सोय होती. हसत हसत सांगता आलं असतं. पण कौतुक कानात शिरलं होतं, आणि ते एकदा शिरलं की दुसरं काही ऐकू येत नाही.

एका पळीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. थोरल्याच्या रांगेत पळालेले परत आले. डॉक्टरीणबाई एका गुरुवारी जेवणाच्या वेळेला आल्या, चौदाही माणसं मिटक्या मारत जेवताना बघितली, आणि त्यांच्या तोंडावर असं समाधान आलं की उस्तादानं पाठ फिरवून उगाच झाकणं सारखी केली. त्यांनी साहेबांना पत्र लिहिलं. दुसऱ्या कारखान्यांचे आचारी उस्तादाचं काम बघायला आले. ते येणार म्हटलं की तो सकाळपासून डॉक्टरीणबाईंच्या कागदाबरहुकूम सगळं करायचा: भाज्या भाजायचा, चमचा मोजायचा, लिंबं पिळायचा. पाहुण्यांची पाठ वळली की पळी थोरल्यात बुडायची.

सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. बाईंनी दिलेल्या गोळ्या जे नीट घेत होते त्यांचे आकडे थोडे उतरले होते. दाजींचे चढले होते. रक्तदाब तर इतका वर की डॉक्टरीणबाईंनी दोनदा मोजला.

"मिस्त्री, कुठून तरी जातंय," त्या म्हणाल्या. "तेल आणि मीठ दोन्ही. विचार करा कुठून जातंय."

दाजी विचार करत घरी गेले. कॅन्टीनमधून जाणं शक्यच नव्हतं, तिथं तर खुद्द बाईंची देखरेख. मग उरलं काय? उरलं घर. आणि घरी स्वयंपाक करणारी एकच.

ताई, म्हणजे उस्तादाची थोरली बहीण, त्याच्यासारखीच हातानं सढळ होती, पण कागद आल्या दिवसापासून तिनं तो ओट्यावर भिंतीला चिकटवला होता आणि अक्षर न् अक्षर पाळला होता. तिचा रस्सा खरोखरच बिनमिठाचा होता. म्हणून तो तसा लागायचाही. दाजी तिला ऐकवायचे, "तुझा भाऊ बघ. त्यालाही मीठ बंद, तुलाही मीठ बंद. मग तिथं बोटं चाटावीशी वाटतात आणि इथं घास उतरत नाही, हे कसं?" ती बिचारी भावाला विचारायला यायची, लसूण किती भाजतोस, मिरी कधी घालतोस. उस्ताद तिला काहीबाही सांगायचा. ती घरी जाऊन तसं करायची आणि ते तसं व्हायचं नाही.

त्या संध्याकाळी दाजींनी घरातली कपाटं उघडली. एकेक डबा काढून हुंगला. मागच्या फळीवर लोण्याची अर्धी वडी सापडली. ती ताईची होती, सकाळच्या पावाला लावायची, दाजी कामावर गेल्यावर. तिचं रक्त ठणठणीत होतं, तिला कुणी काही बंद केलेलं नव्हतं. पण दाजींनी ती वडी टेबलावर ठेवली आणि विचारलं, "हे काय आहे?" तिनं सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. चाळीस वर्षांच्या संसारात ते तिला जे बोलले नव्हते ते त्या संध्याकाळी बोलले. तू मला मारायला निघालीस, असंही म्हणाले.

हे सगळं उस्तादाला दुसऱ्या दिवशी कळलं. ताई स्वतःच कॅन्टीनच्या मागच्या दाराशी आली होती. हातात रिकामा डबा, डोळे सुजलेले.

"बाळ," ती म्हणाली. तिच्यासाठी तो अजून बाळच होता. "माझं एक काम कर. आजपासून त्यांचं रात्रीचं जेवणही तूच बांधून दे. धाकट्या पातेल्यातलं. शनिवारी रविवारचंही दे, मी फ्रिजमध्ये ठेवीन."

"का? तुझं काय झालं?"

"मी नाही करणार त्यांच्यासाठी. मला भीती वाटायला लागलीय. मी तर काहीच घालत नाही रे. तरी आकडे चढतात म्हणजे माझ्याच हातून काहीतरी होत असणार. कढईला जुनं तेल राहत असेल, मिठाचा हात राहत असेल, काय माहीत. तुझ्या हातचं खाऊन बाकीची माणसं सुधारतायत. त्यांनाही तूच जेवू घाल."

उस्ताद तिच्याकडे बघत उभा राहिला. मागं शेगडीवर दोन्ही पातेली रटरटत होती. ताई, तुझं काही चुकलं नाही, एवढी पाच शब्दांची गोष्ट. ती म्हटली की पुढची आपोआप आली असती. पण पुढची आली असती म्हणूनच त्याला पहिली म्हणता आली नाही. त्यानं तिच्या हातातून डबा घेतला आणि म्हणाला, "बरं. देतो."

पुढं किती तरी वेळा तो त्या क्षणाकडे परत गेला. आधीच्या सगळ्याला काहीतरी सबब होती, माणसं जेवत नव्हती, पातेलं परत येत होतं. मागच्या दाराशी उभं राहून डबा घेतला त्याला कसलीच सबब नव्हती.

त्यानं प्रयत्न केला नाही असं नाही. त्याच आठवड्यात त्यानं पळी टांगून ठेवली. संध्याकाळी दाजी म्हणाले, "उस्ताद, बरं नाही का रे तुला? आज हात बिघडलाय तुझा." बाकीचे तेराही जण कुरकुरले. एकदम चव गेली तर कुणालाही शंका येणार, हे त्याच्या लक्षात आलं, आणि पळी पुन्हा खाली उतरली. मग त्यानं ठरवलं की हळूहळू कमी करायचं, कुणाला कळणार नाही असं. तीन आठवडे जमलंही. तीनाच्या दोन पळ्या झाल्या. पण मग मोठे साहेब पाहुणे घेऊन जेवायला आले, धाकट्या पातेल्यातलंच जेवायला, आणि त्यांच्यापुढं पडतं घ्यायला उस्तादाचं मन धजावलं नाही. त्या दिवशी चार पळ्या पडल्या. त्यानंतर त्यानं मोजणंच सोडून दिलं.

दीड वर्ष असं चाललं. दाजींच्या गोळ्या वाढल्या. संध्याकाळी पाय सुजायचे, बुटांच्या नाड्या सैल करून बसायचे. तरी त्यांनी कुठल्या लग्नकार्यात वाकडा घास घेतला नाही, कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "माझं जेवण माझ्या मेहुण्याकडे असतं." घरी टेबलावर दोघांच्या पुढ्यात दोन वेगळी ताटं. ताई स्वतःपुरतं दोन वाट्या शिजवायची, आणि भावानं बांधून दिलेला डबा गरम करून त्यांच्या पुढं ठेवायची. त्या डब्यातलं ती चाखतही नसे. आजाऱ्याचं जेवण, त्यातलं आपण कशाला कमी करा, असं तिला वाटायचं.

एका सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला दाजी बसखालून बाहेर आले, टायरच्या चळतीवर बसले आणि जबडा चोळायला लागले. कुणीतरी विचारलं, दात दुखतोय का? ते म्हणाले, दात नाही, सगळंच दुखतंय. तोवर त्यांचा शर्ट घामानं चिकटला होता. माणसांनी त्यांना उचलून गाडीत घातलं. उस्ताद हातातला झारा तसाच घेऊन फाटकापर्यंत पळाला.

दाजी वाचले. रक्तवाहिनीत दोन ठिकाणी जाळ्या बसवल्या, अकरा दिवस दवाखान्यात ठेवलं. तिथल्या डॉक्टरांनी ताईला सांगितलं की हृदयाचा एक भाग कायमचा गेला, आता उरलेल्यावर भागवायचं आहे, तेव्हा खाणं फार सांभाळा. ताईनं मान हलवली. दाजींनी भिंतीकडे तोंड केलं.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही. "घेऊन जा म्हणावं त्याला," ते म्हणाले. "दोन वर्षं मी गवत खाल्लं. एक दिवस चुकलो नाही. काय मिळालं? जे व्हायचं ते होतंच, मग उपाशी कशाला मरायचं? मला लोण्यात तळलेली अंडी दे. खारवलेलं मटण आण. जाईन तर पोटभर खाऊन जाईन." आणि ताईनं नाही म्हटल्यावर त्यांनी शेजाऱ्याकडून मागवून घेतलं.

ही बातमी कारखान्यात पोचायला वेळ लागला नाही. दाजींसारखा माणूस, काटेकोर पाळणारा, त्याला झटका येतो. मग आपण कशाला जीव मारायचा? तेरातले नऊ जण त्या आठवड्यात थोरल्याच्या रांगेत गेले. आता ते चोरून जात नव्हते, ताठ मानेनं जात होते. एकानं तर उस्तादाच्या खांद्यावर हात ठेवून समजूत काढली, "तुझ्याकडून तू केलंस रे. नशिबापुढं तुझं जेवण काय करणार?"

गुरुवारी डॉक्टरीणबाई येऊन बसल्या त्या दाजींचे सगळे कागद पुढ्यात पसरून. उस्ताद चहा घेऊन गेला तेव्हा त्यांनी वर बघितलं नाही. "मला कळत नाही," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "इतकं सगळं बरोबर करून हे आकडे असे कसे. माझंच काहीतरी चुकलं असेल. मी त्यांना खोटी आशा लावली."

उस्तादानं चहा टेबलावर ठेवला. मग दाराला आतून कडी घातली, आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पहिल्या मंगळवारपासून. पळ्या सांगितल्या, मीठ सांगितलं, डबे सांगितले. त्याचं बोलणं संपल्यावर बाईंनी पसरलेले कागद एकेक करून गोळा केले.

"एवढंच विचारायचं होतं," उस्ताद म्हणाला. "माझ्यामुळं झालं का त्यांना?"

"ते कुणीही सांगू शकणार नाही," बाई म्हणाल्या. "कदाचित तरीही झालं असतं. त्यांच्या नळ्या आधीच खराब होत्या. कदाचित दहा वर्षं पुढं गेलं असतं. कदाचित कधीच झालं नसतं. ते आता शोधता येणार नाही."

हो, तुमच्यामुळंच, असं त्या म्हणाल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. निदान ओझं किती हे कळलं असतं.

"सोमवारी मी तेराही जणांना बोलावणार आहे," बाई उठत म्हणाल्या. "तिथं तुम्हीच सांगायचं. त्यांना वाटतंय की पथ्याचा उपयोग नसतो. त्यांनी पथ्य केलंच नव्हतं, हे त्यांना तुमच्या तोंडून कळलं पाहिजे. आणि त्याआधी घरी सांगा. बहिणीला हे कारखान्यातल्या लोकांकडून कळू देऊ नका."

रविवारी दुपारी उस्ताद ताईकडे गेला. दाजी टेबलापाशी बसले होते, पुढ्यात शेजाऱ्याकडून आलेली ताटली, त्यात लोण्यात तळलेली अंडी. अजून हात लावला नव्हता. ताई ओट्यापाशी पाठमोरी. भिंतीवर तो कागद तसाच होता, कडा पिवळ्या पडलेल्या.

"ये, ये," दाजी म्हणाले. आवाज निम्म्यावर आला होता. "तुझं दुकान बंद केलं बाबा मी. रागावू नकोस. तुझ्या हाताला दोष नाही."

"दाजी, ते खाऊ नका," उस्ताद म्हणाला. "आधी माझं ऐका."

त्यानं बसून सांगितलं. कारखान्यात बोलताना निदान शब्द सापडत होते, इथं प्रत्येक शब्द ओढून काढावा लागला. तुम्ही पथ्य केलं, पण मी ते तुमच्या ताटात येऊ दिलं नाही, असं त्यानं सांगितलं. तुम्ही गवत खाल्लंच नाही, दाजी. तुम्ही दोन वर्षं थोरल्या पातेल्यातलंच खाल्लं. पथ्याला काही दोष नाही. ते अजून तुम्ही करूनच बघितलेलं नाही.

दाजी ताटलीकडे बघत होते. ते ओरडतील, ताटली भिरकावतील, असं उस्तादाला वाटलं होतं, आणि त्याची त्यानं तयारीही केली होती. पण दाजींनी त्याच्याकडे बघितलंच नाही. त्यांनी मान वळवून बायकोच्या पाठीकडे बघितलं.

"कपाटं उघडली होती मी तुझी," ते म्हणाले. "डबे हुंगले होते."

ताई वळली नाही. ओट्याची कड तिनं दोन्ही हातांनी धरली होती.

"तेव्हा तू म्हणाली होतीस की मी काही घालत नाही," दाजी म्हणाले. "चारदा म्हणालीस. मी ऐकलं नाही."

मग ताई भावाकडे वळली. डोळे कोरडे होते. कोरडे नसते तर त्याला सोपं गेलं असतं.

"मला वाटायचं, माझा हात वाईट आहे," ती म्हणाली. "दीड वर्ष मी त्यांच्यासाठी साधं पाणी गरम करायला घाबरले. चमचा धुतलेला असला तरी पुन्हा धुवायची. या घरात त्यांच्यासाठी जे बरोबर शिजत होतं ते फक्त माझं होतं, बाळ. आणि ते मी बंद केलं, तुझ्यावर विश्वास टाकून. तू दारात उभा होतास. माझ्या हातातून डबा घेतलास."

"ताई..."

"तेव्हा का नाही सांगितलंस?"

त्याच्याकडे उत्तर होतं. पातेलं भरलेलं परत यायचं, हे उत्तर होतं. ते मनात आणताच इतकं हलकं, इतकं ओशाळवाणं वाटलं की त्यानं ते तोंडाबाहेर काढलं नाही.

ताईनं दाजींच्या पुढ्यातली अंड्यांची ताटली उचलली आणि बाजूला ठेवली. दाजींनी ती ओढून घेतली नाही. तिनं फळीवरून पातेलं काढलं, गाजरं चिरली, वाटाणे घातले, लसूण भाजला. एक चमचा तेल मोजलं. मिठाच्या बरणीकडे तिचा हात गेला आणि तिथंच थबकला. दीड वर्षांची भीती एका दुपारी कुठं जाते. दाजी म्हणाले, "घाल तुला हवं तेवढं. मी बघत नाही." तिनं दोन बोटांत मावेल एवढंच घातलं.

शिजेपर्यंत उस्ताद बसून राहिला. त्याला उठ कुणी म्हणालं नाही, बस कुणी म्हणालं नाही. तिनं दाजींना वाढलं. पहिल्या घासाला त्यांचं तोंड वाकडं झालं, पूर्वी व्हायचं तसंच, पण या वेळी त्यांनी थट्टा केली नाही. ते सावकाश, खाली मान घालून, शेवटपर्यंत जेवले. ताई शेजारी बसून त्यांच्या प्रत्येक घासाकडे बघत होती. दोघांनी त्याच्याकडे बघितलं नाही. ते रागानं नव्हतं. त्यांना एकमेकांशी इतकं काही मिटवायचं होतं की त्यात तिसऱ्याला जागा नव्हती.

शेवटी तोच उठला. चपला घालताना ताई दारापर्यंत आली. लहानपणी शाळेला निघताना ती अशीच दारात यायची, त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावायला.

"महिन्याभरानं ते कामावर येतील," ती म्हणाली. "हलकं काम देणार आहेत म्हणे. तुझ्याच कॅन्टीनमध्ये बसून जेवतील, दुसरीकडे कुठं जाणार. डबा मी देईन घरून."

"बरं, ताई. मी फक्त गरम करून..."

"नाही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "ते गारच खातील. तू त्या डब्याला हात लावायचा नाहीस."

त्यानं हो म्हटलं आणि जिना उतरला.